बेबी ऑफ वैजयंता

पेटीवर चिकटपट्टी : बेबी ऑफ वैजयंता.
वजन नऊशे चाळीस.
माझं नाव फक्त फॉर्मखाली,
सही करायच्या रेघेवर.

तिसाव्या दिवशी डोळे बघायला मुळगुंद बाई आल्या,
कपाळावर दिवा बांधून.
सिस्टर पारधेंनी थेंब घातले, पुन्हा थेंब, पुन्हा,
मग दुपट्यात अशी आवळली
की फक्त तोंड उरलं
आणि जिभेवर साखरपाण्याचा टिपूस.
पापण्यांत तारेचा चिमटा बसवला.
मी म्हणालो, बाहेर थांबतो.
वैजू आतच राहिली.

नंतर बाईंनी कागदावर गोल काढला.
मध्ये टिंब, टिंबापासून फांद्यांसारख्या रेघा.
रेघा कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या.
लवकर आली ना ती, म्हणाल्या,
रक्त कडेला पोचायचं राहून गेलं.
आता कड ओरडते, मला द्या, मला द्या,
मग भलत्याच नळ्या फुटतात
आणि पडदा ओढून काढतात.

मी म्हणालो, मोशीत असंच आहे.
पाइपलाइन डेअरीपर्यंत, पुढे आम्ही.
कुणी बोअर मारले, कुणी मेन लाइनला टोचून घेतलं,
एक दिवस रस्ताच खचला.
बाई हसल्या नाहीत.
हो, म्हणाल्या, अगदी असंच.
तर कडेचं मागणंच बंद करायचं. जाळून.
मधलं वाचतं त्याने. बहुतेक वाचतं.
उद्या दुपारी.

‘बहुतेक’ मी दोन बस बदलून घरी नेलं.

दारावर कागद : लेझर सुरू आहे, आत येऊ नये.
मी चाकणला गाड्यांचे दरवाजे स्पॉट करतो,
तेरा वर्षं. पाळीत दीड हजार ठिपके सहज.
ठिपका चुकला की चॉकने फुली,
दरवाजा बाजूला उभा राहतो, दुसरा येतो.
फटीतून हिरवं काही लुकलुकलं
आणि माझी मान सवयीने वळली.
वैजू म्हणाली, तिकडे काय बघतोस?

पावणेदोन तास.
बाई बाहेर आल्या तेव्हा कपाळावर पट्ट्याचा वळ.
मी विचारलं, किती ठिपके?
त्यांनी वही बघितली.
उजवा चौदाशे बावीस, डावा तेराशे नव्वद.
त्यांना वाटलं असेल, काय बाप आहे.
पण हात न थरथरता तेवढे म्हणजे काय
ते माझ्या खांद्याला कळतं.
आणि बाईंकडे दुसरा दरवाजा येत नव्हता.

कडेचं तिला तितकंसं दिसणार नाही, हेही सांगितलंय.
चष्मा लागेल, लवकर, जाडसा.
रस्ता ओलांडताना मान जास्त वळवावी लागेल.
वळवेल की, वैजू म्हणाली,
मान कशाला दिलीय मग?

आता कार्डावर तारखा. दर आठवडा, मग पंधरवडा.
रांगेत सगळी एवढी-एवढीशी, टोपडी घातलेली,
खेडची, शिरूरची,
आणि इंदापूरहून रात्रीच निघालेली एक बाई,
बाळ पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दाखवायला आणलेलं.
कुणी सांगितलंच नाही, ती म्हणत होती,
कुणी सांगितलंच नाही.
मुळगुंद बाईंनी तिच्या कागदावरही गोल काढला.
मग त्या गोलात
बराच वेळ काहीच काढलं नाही.

आमचं नाव अजून ठरलेलं नाही.
दुपारी बाकावर डबा उघडला,
झाकणावर ऊन पडलं,
समोरच्या भिंतीवर उजेडाचा तुकडा.
मी तो डावीकडे नेला.
मग उजवीकडे.
वैजू म्हणाली, गप बस, आत्ताच थेंब घातलेत,
झोपू दे तिला.

मी झाकण पुन्हा हलवलं,
थोडंसंच.